मिस्त्रींनी दिलेले दोन दिवस

आधी मिस्त्रींचं सांगतो, विमानाचं नंतर. लोक उलटं विचारतात. विमान किती उंच गेलं, पडलं तेव्हा आवाज केवढा झाला, हे सगळ्यांना हवं असतं. मिस्त्रींचं कोणी विचारत नाही. आणि ते नसते तर हे सांगायला मी आज या गावात राहिलोच नसतो.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला ट्रक लागतात, तिथे त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. वर चार पत्रे, आत पाण्याची मोठी टाकी, गॅसची शेगडी, कथलाच्या कांड्या. वय साठीच्या पुढे. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मी रत्नागिरीकडचा. आठवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. मशीनच्या मागे मागे फिरत रस्त्याच्या कामावर इकडे आलो. काम संपलं, रोलर आणि डंपर तेलंगणात गेले, आणि मी मलेरियाने फणफणलेला इथेच पडलो. मिस्त्रींनी दुकानामागच्या बाजेवर मला महिनाभर ठेवून घेतलं. त्यांच्या घरून डबा यायचा, ज्वारीची भाकर आणि तुरीचं वरण. मला भाताशिवाय घास उतरत नव्हता. मी कोणाला बोललो नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून डब्यात भात दिसायला लागला. बरा झालो तसं शेजारच्या गॅरेजमध्ये त्यांनीच लावून दिलं. मालकाला म्हणाले, "मासे खाऊन वाढला हाय, उन्हाचं त्याले काही समजत नाही. पण हात चांगला हाय."

सरांकडेही तेच घेऊन गेले.

सर हे गावापासून पाच-सहा किलोमीटरवर राहायचे, स्वतःच्या वावरात. नोकरीभर त्यांनी पोरांना विमान चालवायला शिकवलं, देशात कुठे कुठे. निवृत्त झाल्यावर घरच्या शेतात परत आले आणि कापूस ठेवायच्या गोदामात स्वतःचं विमान बांधायला बसले. दोन माणसांचं, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड. कागदपत्रं आणि परवानग्या तेच बघायचे, मला त्यातलं काही कळत नाही. मला कळायचं ते इंजिन. ते एका छोट्या मोटारीचं होतं, अपघातात चेपलेल्या गाडीतून काढलेलं. गाडीचं इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे मारतं, पुढच्या पंख्याला तेवढे चालत नाहीत, म्हणून मध्ये दोन पुल्या आणि दातेरी पट्टा टाकून फेरे निम्मे केले होते. हे मोटारीचं इंजिन विमानात नीट चालवायला सरांना मोटारीचा मेकॅनिक पाहिजे होता.

मी रोज गॅरेजच्या आधी दोन तास आणि रविवारी अख्खा दिवस जायला लागलो. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. सर इंजिनाजवळ उभे राहून विचारायचे, "तुला काय वाटतं?" तोपर्यंतच्या आयुष्यात मला असं कोणी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, यांना एखादं काम असं करून दाखवावं की यांनी चकित व्हावं. तिथेच घोळ झाला.

विमानाच्या चाचण्या कशा चालतात हे मी तिथेच पाहिलं. आधी विमान जागेवर बांधायचं. आम्ही शेपटी ट्रॅक्टरला दोरानं बांधायचो आणि मध्ये कापूस मोजायचा लटकता काटा अडकवायचो, म्हणजे पंखा किती किलोची ओढ देतो ते काट्यावर दिसे. मग मुरूम टाकून दाबलेल्या पट्टीवर हळू चालवायचं, मग जोरात, मग वीतभर उचलून पुन्हा खाली. सरांनी जानेवारीत तसं केलं, आणि फेब्रुवारीत तीन वेळा खरंच उडाले. तिन्ही वेळा एक-दोन फेऱ्या मारून आले. खाली उतरले की आधी वही मागायचे. पाण्याचं तापमान, तेलाचा दाब, फेरे, सगळं त्या वहीत.

वहीचा एक नियम होता. विमानाचा एक स्क्रू जरी हलला तरी लिहायचं. "वहीत नसलेलं काम झालेलं असलं, तर मला ते हवेत कळेल," असं सर म्हणायचे. "मला ते जमिनीवर कळलेलं बरं."

तिसऱ्या उड्डाणानंतर रेडिएटरच्या सांध्यातून पाणी झिरपायला लागलं. तो उतरवून मिस्त्रींकडे नेला. त्यांनी सांध्याला कथलाचा डाग देऊन टाकीत बुडवून तपासला आणि परत दिला. सर तेव्हा लग्नाला नागपूरला दोन दिवस गेले होते. रेडिएटर बसवायला गोदामात मी एकटाच.

मार्च लागला होता. आदल्या आठवड्यात भर दुपारी जागेवर चालवलं तेव्हा पाणी अठ्ठ्याण्णवपर्यंत चढून तिथे थांबलं होतं. सर म्हणाले होते, "जरा जास्त आहे, पण थांबतंय. थांबतंय तोवर चिंता नाही." त्यांना चिंता नव्हती, पण मला चैन नव्हतं. मी दोन बोल्ट खोलून थर्मोस्टॅट काढून टाकला.

हे इथल्या गॅरेजमध्ये सगळेच करतात. थर्मोस्टॅटला आम्ही नुसता वॉल म्हणतो. इंजिन गार असेपर्यंत तो रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवतो, तापलं की सोडतो. आमच्या भागात इंजिन गार राहायचा प्रश्नच कुठे येतो, म्हणून उन्हाळा लागला की गाडी कसलीही असो, वॉल काढायचा आणि डब्यात टाकायचा. गिऱ्हाइकाला सांगतसुद्धा नाहीत. ते काम म्हणून धरतच नाहीत. मी पंधरा वर्षांत किती काढले असतील, मोजले नाहीत.

पण मी ते वहीत लिहिलं नाही. काम धरत नाहीत म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं की लिहिलं असतं तर सरांनी विचारलं असतं, आणि विचारून करण्यात काय मजा. तापमान उतरलेलं त्यांनी आधी बघावं, मग मी सांगावं, असं मनात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर आले. गार हवेत तीन-चार मिनिटं जागेवर चालवलं. तापमानाचा काटा बहात्तरवर. सर खूश झाले. म्हणाले, "मिस्त्रीने काय जादू केली रे." मी हसलो. सांगायची वेळ तीच होती. पण कौतुक मिस्त्रींचं चाललं होतं, त्यात आपलं घुसवायला मला लाज वाटली, म्हटलं उड्डाण झाल्यावर सांगू.

चौथं उड्डाण चढाई मोजायचं होतं. पूर्ण ताकद लावून सरळ वर जायचं आणि किती मिनिटांत किती चढलं ते बघायचं. मी पट्टीच्या टोकाला वॉकीटॉकी घेऊन उभा, हातात वही. सर आकडे सांगायचे, मी लिहायचो. पहिलं मिनिट, पाणी ऐंशी. दुसरं, ब्याण्णव. तिसऱ्याला एकशे चार. मला वाटलं ऐकायला चुकलं. मग सर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "एकशे पंधरा. ताकद कमी करतो. परत येतोय."

परत पट्टीपर्यंत आले नाहीत. वाफेचा पांढरा पट्टा दिसला, मग पंखा थांबलेला दिसला. शेजारच्या वावरात कापसाची पऱ्हाटी उपटून झालेली होती, तिथे त्यांनी विमान टेकवलं. टेकवलं चांगलं, पण पुढे धुरा, म्हणजे वावराचा बांध, आडवा आला. चाक मोडलं आणि विमान नाकावर गेलं. मी धावत पोचलो तेव्हा सर सीटचा पट्टा सोडवायचा प्रयत्न करत होते, एकाच हाताने. कपाळावरून रक्त. म्हणाले, "वही आहे ना तुझ्याकडे? आकडे लिहिलेस?"

खांद्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी आणलं. मी बाजेजवळ बसलो होतो. सरांनी डोळे मिटूनच विचारलं, "तिसऱ्या आणि चौथ्या उड्डाणाच्या मध्ये काय काय बदललं?"

"रेडिएटर उतरवून चढवला," मी बोललो.

"बाकी?"

"काही नाही."

हे दोन शब्द मी बोललो. आता कितीही वेळा सांगितलं तरी ते तसेच आहेत. त्या वेळी मला मनापासून वाटत होतं की वॉल काढल्याने इंजिन गारच होतं, तापू शकत नाही, म्हणजे दोष त्याचा नसणार. मग सांगायला काय हरकत होती? हरकत ही, की सरांनी मला घालवून दिलं असतं. मग परत तेच, गाव नाही, माणूस नाही, कोणाच्यातरी दुकानामागची बाज.

सर म्हणाले, "मग रेडिएटरच. आतून चोंदला असेल, डाग देताना."

त्यांनी ते घरात म्हटलं, पण गावात पोचायला दुपारही लागली नाही. चहाच्या टपरीवर ट्रकवाले बसलेले. एकाने हाक मारली, "काहो विमानवाले, मिस्त्रीच्या रेडिएटरनं सरले पाडलं म्हणते?"

दुसरा म्हणाला, "म्हातारा झाला ना तो. दिसत नाही त्याले आता. डाग कुठी अन् भोक कुठी."

"माह्या गाडीचा पण त्यानंच केला होता बाप्पा," तिसरा. "घाटात थांबलो असतो तं?"

"सांग ना बे," पहिल्याने मला विचारलं. "तू तं तिथंच होता. रेडिएटरच ना?"

माझ्या हातात मिस्त्रींच्याच खात्यावरचा चहा होता. त्यांच्या शेजारचा म्हणून टपरीवाला मला तसा द्यायचा. मी बोललो, "असेल."

त्यानंतर दहा-बारा दिवस मी मिस्त्रींच्या दुकानावरून मान खाली घालून जायचो. गिऱ्हाईक कमी होताना दिसत होतं. दहा ट्रकांचा एक मालक त्यांचं कायमचं गिऱ्हाईक, त्याने गाड्या वणीला पाठवायला सुरुवात केली. मिस्त्री टाकीच्या कडेला बसून रेडिएटरच्या जुन्या पितळी टोप्या घासत बसलेले असायचे. मला बघून म्हणायचे, "काय बे मासेखाऊ, आज घाईत?" मी हो म्हणायचो.

मग एक दिवस ते स्वतः सरांकडे गेले. म्हणाले, "मले माहा रेडिएटर द्या." मोडलेल्या विमानातून तो काढला, दुकानात आणला आणि टपरीवरच्या सगळ्यांना बोलावून वरच्या तोंडातून पाणी सोडलं. खालून धो धो आलं. कुठे चोंदलेलं नाही, कुठे गळती नाही. लोकांनी पाहिलं. एक जण म्हणाला, "मंग तापलं काहून?" बाकीचे आपापल्या गाडीला गेले. बघून झालं तरी पाठवलेल्या गाड्या परत आल्या नाहीत. कारण सापडलं नव्हतं, आणि कारण सापडेपर्यंत नाव मिस्त्रींचंच राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोदामात आले. मी तिथे होतो, मोडलेलं चाक सोडवत होतो. त्यांनी मला काही विचारलं नाही. इंजिनाभोवती फिरले, नळ्या हाताने चाचपल्या आणि वॉलच्या झाकणाशी थांबले. झाकणाच्या फटीतून नवी लाल पेस्ट बाहेर आलेली होती, मीच लावलेली. त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला, दोन बोल्ट खोलले आणि आत बोट घातलं. आत काही नव्हतं.

"कवा काढला?" त्यांनी विचारलं.

"सर नागपूरला होते तेव्हा."

"कायले?"

"गार चालावं म्हणून."

ते खाली बसले. मग मला बसवलं आणि झाकणाच्या आत बोट फिरवून दाखवलं. "इथं मांगं दुसरं भोक दिसते का? वॉलच्या मांगं एक चकती असते. पाणी तापलं की वॉल समोर उघडते अन् थे चकती हे भोक बंद करते. तू वॉल काढला, भोक उघडंच राह्यलं. आता अर्धं पाणी रेडिएटरकडे जातच नाही. इंजिनातून निघते अन् इंजिनातच परत. रस्त्यावर गाडीले कोण सतत पाच मिनिटं पूर्ण दाबते? म्हणून आपल्याले कदी समजलं नाही."

"मला माहीत नव्हतं," मी बोललो.

"मलेही पहिले माहीत नव्हतं. मी बी लय काढले." बोटाला लागलेली लाल पेस्ट त्यांनी पुसली. "थे माहीत नसणं एक झालं. पण सरनं तुले विचारलं असन ना, काय काय बदललं म्हणून?"

मी मोडलेल्या चाकाकडे बघितलं. त्यांना ते पुरलं.

मला वाटलं आता ते उठून घरात जातील. सर पन्नास पावलांवर होते. मिस्त्रींचं नाव त्या पन्नास पावलांत धुऊन निघालं असतं. त्यांनी झाकण जागेवर ठेवलं, दोन्ही बोल्ट बोटानेच बसवले आणि पाना मला दिला.

"मले दोन दिवस काही दिसलं नाही," ते म्हणाले. "म्हातारा झालो ना मी, लोकं म्हणतेच. दोन दिवसांनंतर मले दिसते. तवापर्यंत तुले सांगायचं असन तं तू सांगजो."

ते चालत गेले. सरांच्या घरावरूनच गेले, सरांच्या पत्नींनी, काकूंनी, चहाला हाक मारली तर दुकान उघडं ठेवलंय म्हणाले.

पहिला दिवस मी काहीच केलं नाही. गॅरेजमध्ये एका गाडीचा वॉल काढायला सांगितला मालकाने, तो मी काढला नाही, त्यावरून बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी भरून बस स्टँडवर गेलो. नागपूरची गाडी लागलेली होती. नागपूरहून पुढे कुठेही जाता आलं असतं. मी कोणाला सांगणार होतो, आणि सांगायला तरी कोण होतं? मिस्त्रींनी तिसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तोवर मी कोल्हापूरच्या पुढे. त्यांना सापडायचं ते कारण सापडलंच असतं. असा हिशोब करून मी खिडकीशी बसलो.

मग माझ्या लक्षात आलं की ते सांगणारच नाहीत. मी पळालो असं कळल्यावर तर नाहीच. पळालेल्या माणसावर ढकललं, असं लोक म्हणतील हे त्यांना कळतं. दोन दिवसांनी दिसेल असं ते म्हणाले, ते मला धाक म्हणून. मी एवढी वर्षं त्यांच्या शेजारी काढली आहेत. गाडी सुटायच्या आधी मी उतरलो. मोठं काही वाटलं नाही.

सरांकडे पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ते अंगणात खुर्चीवर, हात झोळीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वॉल, लाल पेस्ट, बहात्तरचा काटा, टपरीवरचं "असेल".

सरांनी आधी मागच्या भोकाचं विचारलं. मी मिस्त्रींनी परवा दाखवलं तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"म्हणजे मिस्त्रीला परवापासून माहीत आहे."

"हो."

"आणि तू परवापासून—" त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "वॉल काढलास ते मी विसरेन. मीही झाकण उघडून पाहायला हवं होतं, उडणार मी होतो. पण मी तुला 'बाकी?' म्हणून विचारलं आणि तू 'काही नाही' म्हणालास. त्याचं मी काय करू, ते मला समजत नाही."

मला घालवून दिलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी काकूंकडून वही मागवली आणि माझ्यासमोर धरली. तिसऱ्या आणि चौथ्या उड्डाणाच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून मी समासात आडवं लिहिलं. थर्मोस्टॅट काढला. न विचारता. खाली सही केली. सर म्हणाले, "यापुढे विमानाला हात लावू नकोस. आणि आता टपरीवर जा. तिथे मी येणार नाही."

टपरीवर तेच लोक होते, संध्याकाळी तेच असतात. मी उभा राहून सांगितलं. आधी कोणाला कळलं नाही, पुन्हा सांगावं लागलं.

"म्हणजे मिस्त्रीनं नाही, या मासेखाऊनं पाडलं," एक जण म्हणाला, आणि हसले सगळे. हसणं मला चाललं. पण कोपऱ्यातला एक म्हातारा ड्रायव्हर हसला नाही. म्हणाला, "मंग इतके दिवस कायले गप होता? त्या माणसाचं मीठ खाल्लं ना तू?" मी चहा न घेता निघालो.

मिस्त्री दुकान बंद करत होते. त्यांना कळलेलं होतं, टपरी ती केवढी लांब. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील. त्यांनी शेगडीचा नळ घट्ट केला आणि म्हणाले, "दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ केली ना बे. मी तं कालच दुपारी वाट पाहून राह्यलो होतो." मग कुलूप लावलं. "धर, हा पत्रा लोट."

मी पत्रा लोटला.

विमान यंदा पुन्हा उडालं. वॉल बसवून, जागेवर दहा-दहा मिनिटं पूर्ण दाबून चालवून, मग. ते सगळं मी धुऱ्याच्या पलीकडून पाहिलं. सरांनी मिस्त्रींना बोलावून विमानाजवळ उभं केलं होतं, मला नव्हतं. बरोबरच केलं. आता सर माझ्याशी बोलतात, गाडीचं काही असलं की गॅरेजला येतात, पण "तुला काय वाटतं" असं अजून विचारलेलं नाही. आणि त्या दहा ट्रकांच्या मालकाच्या गाड्या अजूनही वणीलाच जातात. मी दोनदा त्याच्याकडे जाऊन आलो. तो म्हणतो, आता तिकडचं बसलं आहे, कशाला बदलायचं. या एका गोष्टीचं काय करावं हे मला सुचत नाही. ती माझ्या एका शब्दाने गेली, आणि माझ्या शंभर शब्दांनी परत येत नाही.

मिस्त्री याबद्दल बोलत नाहीत. मी काढलं तर म्हणतात, "झालं ना. कामाले लाग." पण मी विसरणार नाही. त्यांनी दोन दिवस स्वतःचं नाव माझ्यासाठी खराब राहू दिलं, मी त्यांच्या लायक नव्हतो तेव्हा. कधी ना कधी त्यांच्यावर काही बालंट येईल, माणूस धंद्यात आहे म्हटल्यावर येतंच. त्या वेळी कोणी मला विचारलं तर मी "असेल" म्हणणार नाही. सगळ्यांत आधी मी उभा राहीन आणि ते माझ्या नावावर घ्यायचं असेल तर घेईन. आणि वणीला गेलेल्या त्या गाड्या, एक का होईना, मी त्यांच्या पत्र्याखाली परत आणून उभी करीन. कधी, ते सांगता येत नाही. पण करीन.